पप्पांची टेकडी आणि मंगळीची स्वारी

निकिता खऱ्या अर्थाने बोलायला लागली ती नववीत गेल्यावर. तशी ती लहानपणापासून बोलायचीच, पण घरात. उंबरा ओलांडला की तिची जीभ चपलांच्या रॅकवरच राहायची. मग ऑगस्टमध्ये शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली, ज्या मुलीचं नाव दिलं होतं तिचा ऐनवेळी घसा बसला, आणि समोर दिसली म्हणून बाईंनी निकिताला स्टेजवर ढकललं. विषय होता ‘पाण्याचे महत्त्व’. पाठ काहीच नव्हतं. मग तिने सरळ कॉलनीत टँकर आल्यावर काय काय होतं ते सांगून टाकलं. कोण कुणाची बादली पायाने मागे सरकवतं, कोण ‘आमच्याकडे पाहुणे आलेत’ म्हणून पुढे घुसतं, आणि ते पाहुणे कधीच कुणाला कसे दिसत नाहीत! अख्खा हॉल पोट धरून हसला. निकिताचा दुसरा नंबर आला आणि त्या दिवसापासून तिचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. अडचण एवढीच होती, की तोंड पुढे धावायचं आणि निकिता मागून धापा टाकत यायची.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे किल्ला.

सातपूरच्या त्यांच्या कॉलनीत दिवाळीचा किल्ला म्हणजे पोरखेळ नव्हता. पाण्याच्या टाकीमागे मोकळी जागा होती, तिथे सगळ्या टीम आपापला किल्ला करायच्या. एकच किल्ला दोन टीमनी करायचा नाही, आधी नाव सांगेल त्याचा किल्ला, असा नियम. आणि निकाल द्यायचे कारभारी आजोबा. आजोबा मूळचे नांदगावकडचे, पण सगळं आयुष्य सातपूरच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून काढलेलं. ‘भिंतीवरून कोण कसा येतो ते मला नका शिकवू,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यामुळे ते किल्ल्याला मार्कबिर्क द्यायचे नाहीत. ते किल्ल्यावर हल्ला करायचे! हातातली काठी पायथ्याला टेकवायची आणि म्हणायचं, “मी दुश्मन. मी इथून येनार. बोला.” मग टीमने सांगायचं, तुम्हाला इथे अडवू, तिथून तेल ओतू, चोरवाटेने मागे येऊ. उत्तर संपलं की काठी वर सरकायची. काठी माथ्यावर पोचली, की किल्ला पडला.

पोरींचं या सगळ्यात काम काय, तर माती चाळायची. दर वर्षी. निकिता, तिची मैत्रीण सरिता आणि सरिताच्या शेजारची तिसरीतली साक्षी, तिघी चाळणी घेऊन कोपऱ्यात बसायच्या. खालच्या मजल्यावरचा हर्षल तिथे कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि सांगायचा, “बारीक चाळा. एक खडा राहिला ना, तर बुरूज फुटतो.” गेल्या वर्षी सरिता म्हणाली होती, बुरूज आम्हीपण करून बघू का? तर हर्षल इतका हसला, इतका हसला, की त्याला उचकी लागली आणि पाणी आणायला परत साक्षीलाच पाठवलं.

तर या वर्षी निकिता दोघींना घेऊन टाकीमागे गेली आणि म्हणाली, “आमचीपण टीम आहे.”

“अरे वा!” हर्षल म्हणाला. तो आता दहावीत होता आणि त्याला ओठावर चार केस आले होते, ते तो सारखे चाचपायचा. “कुठला किल्ला? राजगड आमचा. प्रतापगड वरच्या मजल्यावाल्यांचा. सिंधुदुर्ग गेला, साल्हेर गेला, रामशेज पण गेला.”

“पण आम्ही...”

“राहिलीये फक्त चाळणी.”

मागची पोरं खी खी करून हसली. आणि निकिताचं तोंड धावलं.

“आम्हाला नकोच तुमचे नेहमीचे किल्ले! आम्ही इंग्लंडचा किल्ला करणार. माझे पप्पा तिथेच आहेत. रोज बघतात ते किल्ला. हे एवढे मनोरे, झुलता पूल, लोखंडी दरवाजा, सगळं असतं! आणि ऐक, आमचा किल्ला तुमच्या राजगडापेक्षा चांगला ठरला तर पुढे तू आमची माती चाळायची. कारभारी आजोबांसमोर सांग!”

“आणि नाही ठरला तर?”

“तर आम्ही दहावी होईपर्यंत तुमची चाळू.”

सरिताने निकिताचा कुर्ता मागून ओढला, पण उशीर झाला होता. हर्षलने हात पुढे केला होता आणि निकिताने त्यावर टाळी दिली होती.

“अगं ए,” जिन्यात सरिता म्हणाली, “दहावी होईपर्यंत? तू वेडी आहेस का? हात भरून येतात माझे!”

“काळजी करू नको. पप्पांना फोन लावते. आज रात्री मनोरे मोजून घेऊ.”

निकिताचे पप्पा म्हणजे दीपक, सातपूरलाच एका कारखान्यात मशिन दुरुस्त करायचे. कारखान्यात नवीन मशिन येणार होतं, ते शिकायला त्यांना तीन महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं. घरातला पहिला परदेशी गेलेला माणूस! पण लंडनबिंडन काही नाही. आजूबाजूला नुसती शेतं असलेल्या एका छोट्या गावात त्यांची खोली होती. दिवाळीला पप्पा घरी नसणार, ही गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मम्मी चकल्या करताना उगाच रेडिओ मोठा लावायची.

व्हिडिओ कॉल लागला. पप्पांच्या अंगावर कंपनीने दिलेलं चमकणारं पिवळं जॅकेट होतं. ते त्यांना एवढं आवडलं होतं की ते घालूनच ते चहासुद्धा प्यायचे.

“पप्पा, तुमच्याकडे तो किल्ला आहे ना टेकडीवर? तुम्ही म्हणाला होतात, सगळे त्याला कॅम्प म्हणतात.”

“हां हां, कॅम्प! गेलो होतो ना रविवारी.”

“आपल्या देवळाली कॅम्पसारखा का? तोफा असतील ना?”

“छे गं. ऐक तर. मी आपला दोन तास चढलो. वाटलं, वर काहीतरी जबरदस्त असेल, लोक कुत्र्यांना घेऊन चाललेत, म्हाताऱ्या काठ्या टेकत चालल्यात. वर पोचलो आणि बघतो तर काय!”

“काय?”

“काहीच नाही.”

निकिताने फोन कानाजवळ नेला. व्हिडिओ कॉल होता तरी नेला. “काहीच नाही म्हणजे?”

“म्हणजे गवत. सगळीकडे गवत! दरवाजा नाही, भिंत नाही, तिकीट नाही, शेंगदाणेवाला नाही. एक मेंढी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो. पण तिथे एक पाटी होती, ती मी शब्द लावून लावून वाचली. लय जुना आहे म्हणे, दोन हजार वर्षांच्या वरचा. दगड नाहीच, सगळं मातीचं काम. टेकडीभोवती तीन खंदक, तीन बांध. शेताला घालतो ना आपण, तसे बांध, पण माणसाच्या तिप्पट उंच. वर लोकांची छावणी असायची. आणि गोफणगुंड्यांचे ढीग सापडलेत तिथे!”

“गोफण? पाखरं हाकायची?”

“तीच! फक्त पाखरांऐवजी माणसं.” पप्पांनी जॅकेटची चेन वर ओढली. “मस्त वारा होता गं वर. बसून डबा खाल्ला. तू असतीस तर तुला लोळत खाली पाठवली असती.”

फोन ठेवला तेव्हा निकिताच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मनोरे गेले. झुलता पूल गेला. हातात उरली होती एक हिरवी टेकडी, आणि तिच्याकडे बघणारी एक मेंढी.

“अजून साल्हेरवाल्यांना विचारू का, देतात का बदलून?” सरिता म्हणाली.

“नाही. बोललोय ना, मग तोच करायचा. सरिता, विचार कर ना. बुरूज नाही, कमान नाही, रंग नाही. माती, खंदक आणि गवत. आपल्याला माती येते की! एवढी वर्षं दुसरं केलंय काय?”

सरिता उठली आणि चाळणी शोधायला लागली.

जवळच एका इमारतीच्या पायासाठी खोदकाम चाललं होतं, तिथली काळी माती त्यांनी घमेल्याने आणली. चाळली तर अशी की पावडर. ओली केली, थापली, परत थापली. बाकीच्या टीम विटा, फळ्या, डबे मांडायच्या, त्यावर गोणपाट टाकायच्या आणि वरून मातीचा लेप द्यायच्या. या तिघींना ते सुचलंच नाही, कारण टेकडी म्हणजे टेकडी, पोकळ कशी करणार? दोन दिवस माती आणूनच त्यांच्या पाठीचा काटा ढिला झाला. मग तीन खंदक खोदले, तीन बांध घातले. साक्षीने नदीकाठचे गोटे आणून वर छोटे ढीग रचले, गोफणीचे.

मग आलं गवत. किल्ल्यावर हिरवळ करायची म्हणजे अळीव पेरायचे, हे कुणीही सांगेल. पण कॉलनीच्या दुकानातले अळीव सगळ्या टीमनी संपवलेले.

“मेथ्या चालतील?” साक्षी म्हणाली. “आमच्या घरी बरणीभर आहेत. लाडवांसाठी.”

“हिरवं ते हिरवं,” निकिता म्हणाली. “थोड्या कशाला, सगळ्या टाक!”

आता हे वाक्य कुणीतरी तिला पोटातच ठेवायला सांगायला हवं होतं. कारण मेथीला काळी माती, रोज तीन वेळा पाणी आणि ऑक्टोबरचं ऊन मिळालं की ती काय करते? वाढते! आधी इवली इवली पानं आली तेव्हा तिघी नाचल्या. चार दिवसांनी खंदक झाकले गेले. आणखी चार दिवसांनी बांध झाकले गेले. वसुबारसेला सगळ्या टीमचे किल्ले झगमगत होते आणि निकिताच्या टीमसमोर मेथीचा एक भला मोठा लुसलुशीत गड्डा उभा होता.

“किल्ला कुठाय गं?” हर्षल आपले चार केस चाचपत म्हणाला. “जुडी केवढ्याला दिली?”

तेवढ्यात सुमनबाई आल्या. त्या मागच्या गल्लीत राहायच्या आणि त्यांची एक बकरी होती, मंगळी. त्यांनी वाकून एक पान चुरगाळलं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“लय कोवळी हे गं बाई! दोन मुठी घेऊ का? डाळ टाकून करते.”

“मावशी, किल्ला आहे तो!”

“हो का? मग कडेकडेची घेते.”

मोठ्या मुश्किलीने सुमनबाईंना परत पाठवलं. कापून टाकू या का, असं सरिता म्हणाली, पण साक्षीने भोकाड पसरलं. मेथ्या तिच्या घरच्या होत्या आणि लाडू गेल्यामुळे ती आधीच मार खाऊन आली होती. आता मेथी पण गेली तर मार फुकट जाणार!

त्यात आणखी एक पेच होता. प्रत्येक किल्ल्याच्या माथ्यावर सिंहासनावर महाराज असतात. महाराजांशिवाय किल्ला कसला? पण इंग्लंडच्या टेकडीवर महाराज कसे बसवणार? यावर तिघींचं भांडण झालं, अबोला झाला, अबोला मोडला. शेवटी निकिताने मातीचा एक माणूस केला. त्याला हळदीने पिवळं जॅकेट रंगवलं, डोक्यावर झेंडूच्या पाकळीची टोपी घातली आणि मांडीवर छोटासा डबा दिला.

“हे कोण?” साक्षीने विचारलं.

“पप्पा,” निकिता म्हणाली आणि पटकन दुसरीकडे बघायला लागली.

भाऊबीज रविवारी होती. त्या दिवशी संध्याकाळी निकाल. कारभारी आजोबा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात एक रिकामा डबा घेऊन आले, पण नेहमीपेक्षा चिडलेले होते.

“आधी मला हे सांगा, माझी खुर्ची कोनी पाहिली का? निळी. आठवडा झाला. कॉलनीच्या गेटवर मी डालड्याच्या डब्यावर बसतोय!”

कुणीच पाहिली नव्हती. हर्षल आकाशाकडे बघत होता.

प्रतापगड पडला. साल्हेर पडला. रामशेज थोडक्यात पडला. सिंधुदुर्गात पाणी गळून समुद्र आटला होता, म्हणून तो आपोआप पडला. मग राजगड. खरं सांगायचं तर हर्षलचा राजगड देखणा होता. माच्या, बालेकिल्ला, कमानी, छोट्या पणत्या, सगळं. हर्षल उत्तरंही फडाफड देत होता. काठी बालेकिल्ल्याच्या खाली अडली ती अडलीच.

“राजगड टिकला!” आजोबा म्हणाले. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या.

मग ते मेथीपुढे येऊन उभे राहिले. वाकून बघितलं.

“पोरी, हा किल्ला हाय का वाफा?”

सगळे हसले. निकिताने एका हातात मोबाइल उंच धरला होता. पलीकडे पप्पा होते. तिकडे सकाळ होती आणि पप्पा आज मुद्दाम त्या टेकडीवर चढले होते. पिवळं जॅकेट वाऱ्यावर फडफडत होतं, मागे गवत आणि त्या मेंढ्या. हसणं ऐकून निकिताची जीभ एक क्षण परत चपलांच्या रॅककडे निघाली होती. पण पप्पा म्हणाले, “बोल की गं!” आणि ती परत आली.

“किल्ला आहे, आजोबा! तुम्ही या तर खरे.”

आजोबांनी काठी टेकवली. “मी दुश्मन. मी इथून येनार.”

“या. पण टेकडी चढून याल ना? दम लागलाय तुम्हाला. आता पहिला खंदक. उतरा. उतरलात ना, आता समोर बांध, तुमच्या तिप्पट उंच. चढताना हात दोन्ही मातीत, मग तलवार कुठे धरणार? दातात?”

“दात कुठं हायेत मला,” आजोबा म्हणाले, पण काठी थबकली.

“आणि वरून गोफण! बघा, गुंड्यांचे ढीग. तुमच्याकडे नांदगावला ज्वारी राखायला असते ना, तसली!”

“आरं तिच्या!” आजोबांचे डोळे चमकले. “गोफन म्या लय मारलीये. आनि ह्यो वर कोन? म्हाराज कुठायत?”

हर्षल पुढे झाला. “बघा आजोबा! महाराजच नाहीत हिच्या किल्ल्यावर!”

निकिताचं तोंड धावलं, आणि या वेळी पहिल्यांदाच निकिता त्याच्या बरोबरीने धावत होती.

“महाराज त्यांच्या राजगडावरच आहेत. इंग्रजांच्या टेकडीवर ते स्वतः कशाला जातील? त्यांनी हेर पाठवलाय. ते आमचे पप्पा. वर बसून डबा खाण्याचं नाटक करताहेत आणि सगळं बघून ठेवताहेत.”

मोबाइलमधून पप्पांनी सलाम ठोकला. आजोबांनीही नकळत ठोकला. गेटवरची सवय.

“पन पोरी,” आजोबा म्हणाले, “खंदक म्हनतेस, बांध म्हनतेस. दिसत तर नाय एकबी. ही मेथीच दिसतीये. न दिसनाऱ्या खंदकात मी कसा पडू?”

निकिताने मोकळ्या हाताने मेथी बाजूला सारली, ती परत जागेवर आली. काठी सरकायला लागली. पहिल्या खंदकावरून गेली. दुसऱ्यावरून गेली. निकिताला डोळ्यांसमोर चाळणी दिसायला लागली, दहावी होईपर्यंतची.

आणि त्याच वेळी मागून आवाज आला, “धरा! धरा तिला! दावं तुटलं!”

मंगळी आली होती.

गेले आठ दिवस तिने भिंतीपलीकडून तो वास घेत कसे काढले असतील, ते तिचं तिलाच माहीत. ती कुणाकडेही न बघता, लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानावर बसायला निघालेल्या पाहुण्यासारखी सरळ आली आणि मेथीत तोंड घातलं.

निकिता किंचाळली. सरिता धावली. पण आजोबांनी काठी आडवी धरली.

“थांबा! कोनी मधे यायचं नाय! खरा दुश्मन आलाय. आता बघू किल्ला.”

“आजोबा, ती बकरी आहे!”

“मग? दुश्मन काय इचारून येतो?”

मंगळी खात होती. पायथ्याची मेथी संपली आणि पुढचे दोन पाय पहिल्या खंदकात घसरले. ती ‘बेंऽऽ’ करून मागे झाली, परत आली, परत घसरली. टाळ्या पडायला लागल्या. आजोबा मोठमोठ्याने सांगत होते, “पडली! पहिल्या खंदकात पडली!” मग ती कडेकडेने गोल फिरत खायला लागली. जिथे जिथे ती खाऊन पुढे जाई, तिथे तिथे मातीतून एक एक बांध वर येई, गोल, गुळगुळीत, बारीक हिरव्या खुंटांनी भरलेला. एक खंदक. दुसरा खंदक. तिसरा.

“निकिता!” मोबाइलमधून पप्पा ओरडत होते. “तिला हाकलू नको! खाऊ दे! अगं, अगदी हाच, हाच आहे तो! हे बघ!” त्यांनी फोन फिरवला. पडद्यावर गवताचे तीन गोल बांध, त्यावर चरणाऱ्या मेंढ्या. इकडे टाकीमागे मातीचे तीन गोल बांध, त्यावर चरणारी मंगळी. “इथेपण मेंढ्यांनीच खाऊन खाऊन असा दाखवलाय! माझी टेकडी आहे ही!”

सगळे मोबाइलकडे बघत, परत किल्ल्याकडे बघत. कुणीतरी म्हणालं, “अय्या, सेम!”

मंगळी शेवटचा बांध कशीबशी चढली, तिने मातीच्या पप्पांची झेंडूची टोपी खाल्ली, थोडा विचार केला आणि पप्पांना सोडून दिलं. टेकडी हलली नाही. एक कोपरा खचला, बाकी दगडासारखी घट्ट. मग मंगळीला शेजारच्या राजगडावर अळीव दिसले.

“नाही! नाहीऽऽ!” हर्षल ओरडला.

मंगळीने उडी मारली. पण तिच्या आधी निकिताने मारली. कुणाला काही कळायच्या आत तिने बालेकिल्ल्यावरून सिंहासनासकट महाराज दोन्ही हातांनी अलगद उचलले आणि छातीशी धरले. मोबाइल मातीत पडला आणि त्यातून पप्पा विचारत राहिले, “काय झालं? काय झालं? मला आभाळ दिसतंय नुसतं!”

राजगडाची पद्मावती माची ‘फस्स’ करून खाली बसली. गोणपाट फाटलं. मंगळीचे चारही पाय आत गेले, आणि धूळ खाली बसली तेव्हा ती पोकळ डोंगराच्या पोटात, निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ऐटीत उभी होती.

आजोबा दोन पावलं पुढे आले.

“ही,” कारभारी आजोबा हळूच म्हणाले, “माझी खुर्ची हाय.”

हर्षलने चार केस चाचपले. “आजोबा, ते... आधाराला काहीतरी लागत होतं... मी परत देणारच होतो...”

“आयुष्यभर कंपनीच्या गेटवर हुभा होतो मी! एक नट बाहेर जाऊ दिला नाय! आनि माझ्या बुडाखालची खुर्ची गेली?” आजोबांचा आवाज चढला, आणि मग मंगळीने खुर्चीवर उभ्या उभ्या ढेकर दिल्यासारखा आवाज काढला आणि आजोबांना हसू फुटलं. ते एवढे हसले की सुमनबाईंनी त्यांना धरून खाली बसवलं. खुर्चीवर मंगळी होती, म्हणून डब्यावर.

निकाल त्यांनी बसूनच दिला. “दुश्मन आला. दोन्ही किल्ल्यांवर गेला. इंग्रजांच्या टेकडीनं त्याला दोनदा पाडला, रसद गेली, टोपी गेली, पन टेकडी जागेवर हाय. राजगड देखना, पन आतून पोकळ. पोकळ ते पडनार. पोरी जिंकल्या.”

साक्षी एवढी उड्या मारायला लागली की तिला थांबवायला सरिताला तिच्यावर बसावं लागलं. निकिता मात्र आधी हर्षलकडे गेली आणि महाराज त्याच्या हातात दिले.

“थँक्यू,” हर्षल जमिनीकडे बघत म्हणाला. “ते पडले असते तर...”

“नसते पडू दिले. तुळशीच्या लग्नापर्यंत तुझा राजगड परत उभा करू. मातीचा. खराखुरा, भरीव. आम्ही शिकवू.”

“खरंच?”

“हो. पण आधी आमचा एक कोपरा खचलाय, तिथे माती लागेल.”

सरिता चाळणी घेऊनच उभी होती. हर्षलने एकदा चाळणीकडे पाहिलं, एकदा टीमच्या पोरांकडे. पोरांना अचानक घरी फराळ आठवला होता. तो मुकाट्याने खाली बसला.

निकिताने मातीतून मोबाइल उचलला, पुसला आणि पप्पांना दिसेल असा विटेवर टेकवला. मग तिने कमरेवर दोन्ही हात ठेवले.

“बारीक चाळ,” ती म्हणाली. “एक खडा राहिला ना, तर बांध फुटतो.”

तिकडे टेकडीवर पप्पा हसून हसून गवतात आडवे झाले होते, आणि एक मेंढी त्यांच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सुमनबाईंनी तिघींना मंगळीच्या दुधाचा चहा पाजला. त्याला मेथीचा वास येत होता. तिघी दोन दोन कप प्यायल्या.